जर्मनीत राहताना नाझी काळातली ठिकाणं बघणं: आई-बाबा आणि मुलीला घेऊन डाखाऊला जावं का?

इसारकाठची
नमस्कार मंडळी. म्युनिकला राहून आता बरीच वर्षं झाली, लेक इथलीच, सध्या पाचवीत. मे महिन्यात सांगलीहून आई-बाबा येतायत आणि बाबांची यादी तयार आहे, नॉयश्वानस्टाईनचा राजवाडा, साल्झबुर्ग, आणि "ते हिटलरचं डोंगरावरचं घर". डाखाऊची नाझी छळछावणी यादीत नाही, ती आमच्या घरापासून एस-बानने (इथल्या लोकलने) अर्ध्या तासावर आहे हेही त्यांना माहीत नाही.

"माणूस वाईट होता पण देश कसा उभा केला बघ" हे वाक्य मी लहानपणापासून घरात ऐकत आलेय. बाबा शिक्षक होते, वाचणारे आहेत, वाईट हेतूने बोलत नाहीत. पण आता हेच वाक्य ते नातीसमोर बोलणार आणि ती शाळेत जाऊन बोलणार या कल्पनेनेच मला धडकी भरते. नवरा म्हणतो की दीड महिन्यासाठी आलेल्या माणसांना छळछावणी कसली दाखवतेस, त्यांना तळी आणि डोंगर दाखव. मला वाटतं आपण इथे पाहुणे नाही, इथे घर केलंय, तर हेही बघायला हवं. तुम्ही काय केलंत? कुठे नेलंत? मुलांना कधी नेलंत? आणि बघायचं ते नक्की काय, हिटलरची ठिकाणं की त्याने मारलेल्या लोकांची?

पुणेरी_बव्हेरियन
आधी कामाचं सांगतो. एस २ ने डाखाऊ स्टेशन, बाहेरूनच ७२६ नंबरची बस, ती थेट स्मारकाच्या दारात सोडते. तिकीट नाही, ऑडिओ गाईडचे थोडे पैसे पडतात. आवार प्रचंड आहे, सगळीकडे खडी, सावली नाही, वारा लागतो, आईंचे गुडघे दुखत असतील तर आधी म्युझियम करा आणि मग जमेल तेवढं चाला. अर्धा दिवस हातात ठेवा आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका, परत येताना मारियनप्लाट्झला आईस्क्रीम वगैरे तर नकोच. बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना आणू नका असं तिथले लोकच सांगतात. इथे बव्हेरियात शाळा नववीच्या सुमाराला नेते, तोवर थांबलेलं चांगलं.

खडीसाखर
मुलीला आत्ता नेऊ नका, +१. बाबांना मात्र जरूर न्या.

तिथे गेल्यावर मला सगळ्यात जास्त कशाने हललं असेल तर तारखेने. २२ मार्च १९३३. हिटलर चॅन्सेलर झाला ३० जानेवारीला, म्हणजे सात आठवड्यांत छावणी सुरूसुद्धा झाली, आणि लपूनछपून नाही, हिटलरच्या एसएस या निमलष्करी दलाचा प्रमुख हिमलर याने पत्रकारांना बोलावून सांगितलं आणि म्युनिकच्या पेपरात बातमी छापून आली. पहिले कैदी कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट, युनियनवाले, म्हणजे ज्यांनी विरोध केला ते सगळे. पुढे पाद्री आले, समलिंगी आले, सिंती आणि रोमा (युरोपातले भटके समाज) आले, ज्यू आले, शेवटी अख्ख्या युरोपातून माणसं आली. बारा वर्षांत दोन लाखांवर कैदी आणि त्यातले किमान ४१,५०० मेले.

आत बराकी दोनच आहेत, त्याही नंतर बांधलेल्या. बाकीच्यांचे नुसते चौथरे आणि त्यावर आकडे. लोक म्हणतात बघायला काही नाही, पण मला ते रिकामे चौथरेच जड गेले, दोन्ही बाजूंना रांगेने, आणि मधून पॉप्लरच्या झाडांचा सरळ रस्ता. फाटकाचं ते लोखंडी दार, "काम करा म्हणजे मुक्त व्हाल" लिहिलेलं, २०१४ मध्ये चोरीला गेलं होतं, दोन वर्षांनी थेट नॉर्वेत सापडलं. आता मूळ दार आत म्युझियममध्ये आहे आणि फाटकावर प्रतिकृती.

बडोदेकर_ताई
डाखाऊला गेलात तर दहनभट्टीच्या इमारतीत एक पाटी आहे ती चुकवू नका. नूर इनायत खान आणि तिच्याबरोबरच्या तिघी. १३ सप्टेंबर १९४४ ला चौघींना तिथे गोळ्या घातल्या.

माझं माहेर बडोद्याचं म्हणून सांगते. नूरचे वडील इनायत खान बडोद्याचे आणि त्या वडिलांचे आजोबा म्हणजे मौलाबक्ष, सयाजीरावांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा काढणारे. त्या घरातली ही मुलगी, मॉस्कोत जन्मलेली, पॅरिसला वाढलेली, मुलांसाठी गोष्टी लिहिणारी. १९४३ च्या जूनमध्ये इंग्रजांनी तिला गुप्त वायरलेस ऑपरेटर म्हणून नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसला पाठवलं, काही दिवसांत आजूबाजूचे सगळे पकडले गेले, लंडनहून परत ये म्हणत होते आणि ही एकटी रोज जागा बदलत संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये पकडली गेली. फोर्झहाइमच्या तुरुंगात महिनोन्‌महिने साखळदंडात ठेवली पण तोंड उघडलं नाही.

त्या पाटीसमोर उभी राहिले तेव्हा शेजारच्या एका जर्मन बाईंनी विचारलं की तुम्ही त्यांच्या कोणी लागता का. नाही म्हणाले, पण आमच्या गावच्या म्हटलं. धागाकर्ती, तुमच्या बाबांना हे सांगा, आपलं तिथे काही नाही असं वाटणार नाही मग.

सह्याद्रीचा_वारा
थोडं असहमत. आपण का म्हणून दुसऱ्यांच्या पापाचं ओझं वाहायचं? १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली त्याचं इंग्लंडमध्ये काय दिसतं? लंडनला गेलेली मराठी माणसं टॉवर ब्रिजसमोर फोटो काढतात, त्यांना कोणी विचारत नाही. आई-बाबा आयुष्यात एकदा येणार, त्यांना हसतखेळत फिरवा. सगळं जग आधीच कमी दुःखी आहे का.

पुणेरी_बव्हेरियन
@सह्याद्रीचा_वारा, बंगालबद्दल शंभर टक्के पटलं. पण म्हणूनच तर जावं ना? एखादा देश स्वतःच्या राजधानीत, ऐन मोक्याच्या जागी, ब्रांडेनबुर्ग गेटच्या शेजारी, मारलेल्या ज्यूंचं स्मारक म्हणून २,७११ काँक्रीटचे ठोकळे उभे करून "हे आम्ही केलं" म्हणतो, हे कसं करतात ते तरी बघू. इंग्लंडकडून तीच अपेक्षा ठेवायची तर ती कशी दिसते हे इथेच कळतं.

खडीसाखर
आणि ओझं कोणी वाहा म्हणत नाहीये. जिथे राहतो तिथली माती माहीत असावी एवढंच.

न्यूर्नबर्गचा_नाना
बाबांच्या "देश उभा केला" वर उतारा हवा असेल तर न्यूर्नबर्गला आणा. आमच्याकडे दोन्ही टोकं एकाच शहरात आहेत, सकाळी सुरुवात बघा आणि दुपारी शेवट.

सुरुवात म्हणजे त्सेपेलिनफेल्ड, जिथे त्यांचे ते मेळावे भरायचे. फोटोत जे भव्य दिसतं ते आज बघा, पायऱ्यांच्या फटीत गवत, दगड सुटलेले, पोरं स्केटिंग करतायत, वर्षातून एकदा समोरच्या रस्त्यावर मोटारींची शर्यत. मुद्दाम देवळासारखं जपलं नाही आणि पाडलंही नाही. आणि असल्या इमारतींना ग्रॅनाइट हवा म्हणून इथून फार लांब नसलेल्या फ्लोसेनब्युर्गला १९३८ मध्ये दगडाच्या खाणीलगत छळछावणी काढली, कैदी दगड फोडता फोडता मेले. शिस्त शिस्त म्हणतो आपण ती ही.

ऑटोबानचंही सांगून टाकतो कारण ते येणारच. कोलोन ते बॉन हा मोटारींसाठीचा रस्ता १९३२ मध्येच सुरू झाला होता, उद्‌घाटन केलं कोलोनचा तेव्हाचा महापौर आडेनाउअरने, जो युद्धानंतर चॅन्सेलर झाला. हिटलरने आयती कल्पना उचलली आणि फोटो काढून घेतले. बेकारी हटली ती बरीचशी शस्त्रांच्या कारखान्यांमुळे, तीही कर्ज काढून, आणि ज्यूंना नोकऱ्यांतून हाकलून त्यांच्या जागा भरून. त्या पैशाची परतफेड युद्ध करून दुसऱ्या देशांना लुटूनच होणार होती. आणि "उभा केलेला" देश १९४५ मध्ये कसा दिसत होता त्याचे फोटो आमच्या जुन्या गावात जागोजागी लावलेत, नव्वद टक्के जुनं शहर जमीनदोस्त.

शेवट म्हणजे कोर्टरूम ६००, जिथे नाझी नेत्यांवर खटला चालला. नोव्हेंबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६. खोली अपेक्षेपेक्षा लहान आहे. गडद लाकूड, डाव्या बाजूला आरोपींचा बाक, त्याच्यामागे लिफ्टचं दार जिथून त्यांना थेट तुरुंगातून वर आणायचे. २०२० पर्यंत तिथे नेहमीचे खटलेही चालत होते. शिक्षकी पेशातल्या माणसाला ती खोली बोलते. वरच्या मजल्यावर प्रदर्शन आहे, इंग्रजी ऑडिओ आहे.

बटाटाभजी
नाना, प्रतिसाद जपून ठेवतो, आमच्या काकांना पाठवायला. पुण्यात फुटपाथवर अजूनही त्या माणसाचं आत्मचरित्र मराठीत मिळतं, करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तकांशेजारी. इथल्या सहकाऱ्याला सांगितलं तर त्याला खरं वाटेना.

राईन_नेकर
मी लिहू की नको करत होते. स्टुटगार्टजवळ राहतो आम्ही, माझा धाकटा मुलगा ऑटिस्टिक आहे.

ग्राफेनेक म्हणून एक जागा आहे श्वेबिश आल्बच्या डोंगराळ भागात, रॉयटलिंगेनच्या पलीकडे. टेकडीवर एक जुना राजवाडा, आजूबाजूला बीचची झाडं, रविवारी लोक फिरायला येतात. १९४० च्या जानेवारी ते डिसेंबर या एका वर्षात तिथे १०,६५४ माणसं गॅसने मारली. ज्यू म्हणून नाही, कैदी म्हणून नाही, तर मतिमंद, मनोरुग्ण, फिट येणारी, अशी. राखाडी बसेस वसतिगृहांतून आणि इस्पितळांतून माणसं उचलायच्या, नर्स बरोबर, यादी हातात, सही डॉक्टरची. घरी पत्र जायचं की तुमचा मुलगा अमुक आजाराने गेला, साथीच्या भीतीने लगेच दहन केलं. काही घरांना अपेंडिक्सने गेला असं कळवलं आणि त्याचं अपेंडिक्स आधीच काढलेलं होतं.

इथे जे शिकले तेच लोक पुढे पोलंडमधल्या मृत्युछावण्यांत गेले. म्हणजे सुरुवात आमच्यासारख्यांच्या मुलांपासून झाली.

मुलगा बरोबर होता. आज त्याच आवारात विकलांग लोक राहतात, काम करतात, ती संस्था नाझींच्या आधीपासून तिथे होती, त्यांनी हाकलली, युद्धानंतर परत आली. एक काका ढकलगाडीतून पानं नेत होते, माझ्या मुलाने त्यांची गाडी धरली आणि ते दोघं बराच वेळ न बोलता पानं टाकत बसले. मी तोवर नावांचं पुस्तक बघत होते. सगळी नावं अजून सापडलेली नाहीत.

कोणी मला "शिस्त" म्हटलं की मी आता गप्प बसत नाही. धागाकर्ती, तुम्हीही बसू नका.

खडीसाखर
@राईन_नेकर, लिहिलंत हे फार बरं केलंत. हे ठिकाण माहीतच नव्हतं.

नट_बोल्ट
राईन_नेकर यांचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही.

आपल्यात इंजिनीअर फार म्हणून एक जागा सुचवतो, नॉर्डहाउझेनजवळ मिटेलबाउ-डोरा. व्ही-२ रॉकेट जिथे बनायचं तो डोंगरातला बोगदा. आमच्या कॉलेजात व्ही-२ म्हणजे अंतराळयुगाची पहिली पायरी असं शिकवलं, ते घडवणारा इंजिनीअर फॉन ब्राउन म्हणजे हिरो. ६०,००० कैदी तिथे आणले, त्यातला दर तिसरा मेला. १९४३ च्या हिवाळ्यात ते बोगद्यातच झोपायचे, शेजारीच सुरुंग चालू, आत दिवस-रात्र एकच, कित्येक आठवडे सूर्य नाही. त्या रॉकेटने जेवढे लोक मेले त्याहून जास्त ते बनवताना मेले. आत गाईडबरोबरच जाता येतं, भर उन्हाळ्यात आत आठ डिग्री असते, जॅकेट न्या. जमिनीवर गंजलेले सुटे भाग अजून तसेच पडलेत. ड्रॉइंग वाचता येणाऱ्या माणसाला ते भाग ओळखू येतात, तेच वाईट.

अल्स्टरची_अवनी
रच्याकने, या विषयावर आलोच आहोत तर स्वस्तिकाचं कोणी बोललं नाही. नवी गाडी घेतली, सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवरून बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढायला लावलं, मी हातपाय गाळून बसले.

पुणेरी_बव्हेरियन
जर्मन दंडसंहितेचं कलम ८६अ. नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवणं गुन्हा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. धार्मिक स्वस्तिकाचा अर्थ वेगळा आहे हे इथल्या कायद्यालाही कळतं, पण शेजाऱ्याला आणि रस्त्यावरच्या पोलिसाला ते समजावत बसण्यात अर्थ नाही. घरात देव्हाऱ्यात काढा, दाराबाहेर आणि गाडीवर नको. रांगोळीत कमळ काढा, बॉनेटवर ओम काढा, गणपती बाप्पा रागवत नाहीत.

सलामाच्या बाबतीत तर चेष्टासुद्धा नको. २०१७ मध्ये दोन चिनी पर्यटकांनी बर्लिनमध्ये राईशटाग म्हणजे संसदेच्या इमारतीसमोर तो नाझी सलाम करून एकमेकांचे फोटो काढले, पोलिसांनी तिथल्या तिथे धरलं, प्रत्येकी ५०० युरो भरून सुटले. आपले हौशी पाहुणे आले की आधीच कानात सांगून ठेवा.

अल्स्टरची_अवनी
ओमवर सासूबाई तयार झाल्या. लिंबं चाकाखाली ठेवलेली चालतात ना?

पुणेरी_बव्हेरियन
चालतात, फक्त नंतर बायो कचऱ्यात टाका, नाहीतर त्याचं पत्र येईल.

श्प्रे_वरून
बर्लिनकरांनी हजेरी लावायला उशीर केला. हिटलरच्या बंकरच्या जागी काय आहे विचारतात पाहुणे, गाड्यांचं पार्किंग आहे. २००६ पर्यंत तर साधी पाटीही नव्हती, फुटबॉलचा वर्ल्ड कप आला म्हणून लावली. मी कुणाला तिथे नेत नाही.

नेते ती ग्रुनेवाल्ड स्टेशनला, प्लॅटफॉर्म १७. श्रीमंत शांत वस्ती, आणि स्टेशनातच हा बंद पडलेला फलाट. कडेने लोखंडी पत्रे बसवलेत, १८६, प्रत्येकावर तारीख, किती ज्यू नेले तो आकडा आणि कुठे नेले ते गाव. ऑक्टोबर १९४१ पासून. वाचत वाचत चालायचं. सुरुवातीला हजार हजार, मग शंभर, पन्नास, आणि शेवटचे पत्रे १९४५ च्या मार्चचे, म्हणजे रशियन फौजा ओडर नदीवर येऊन बसल्या आहेत, शहरावर बॉम्ब पडतायत, आणि यांना थोडी माणसं पाठवायला गाडी सापडतेय. रुळांमधून झाडं उगवलीत, ती मुद्दाम तशीच ठेवलीत.

मुलीसाठी मात्र मी सांगेन की श्टोल्परश्टाइनपासून सुरुवात करा. फुटपाथमधले ते दहा बाय दहाचे पितळी चौकोन. "इथे राहत होते", नाव, जन्मसाल, कुठे नेलं, काय झालं. कोलोनमध्ये गुंटर डेम्निग या कलाकाराने १९९२ मध्ये पहिला बसवला, आता युरोपभर एक लाखावर आहेत. ९ नोव्हेंबरला, ज्यूंवरच्या १९३८ च्या हल्ल्यांच्या स्मृतिदिनी, आमच्या गल्लीत लोक ते घासतात, मी पितांबरी घेऊन गेले, शेजारच्या आजीबाईंना इतकी आवडली की पुढच्या भारतवारीला त्यांच्यासाठी दोन पाकिटं आणायचीत.

इसारकाठची
पितांबरी वाचून हसू आलं. म्युनिकमध्ये मात्र हे चौकोन फुटपाथवर दिसत नाहीत, का बरं?

खडीसाखर
सार्वजनिक जागेत बसवायला म्युनिकने परवानगी दिली नाही. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोट क्नोब्लोख, लहानपणी स्वतः लपून वाचलेल्या, त्यांचं म्हणणं की त्या माणसांची नावं पुन्हा लोकांच्या पायाखाली नकोत. पटो न पटो, ज्यांच्यावर गुदरलं त्यांचं ऐकायलाच हवं. त्याऐवजी २०१८ पासून भिंतीवर किंवा खांबावर डोळ्यांच्या उंचीला पाट्या लावतात, फोटोसकट.

मुलीसाठी म्युनिकमध्येच दोन जागा आहेत. विद्यापीठासमोर गेश्विस्टर-शोल-प्लाट्झला फरशीत पत्रकं विखुरल्यासारखी बसवलीत. हान्स आणि सोफी शोल, इथले विद्यार्थी, भाऊ-बहीण, १८ फेब्रुवारी १९४३ ला आत नाझींविरोधी पत्रकं वाटताना पकडले, चार दिवसांत डोकं उडवलं. सोफी २१ वर्षांची. दुसरी, फेल्डहेर्नहालेच्या मागची विस्कार्डी गल्ली. समोरच्या रस्त्याने गेलं तर नाझी स्मारकाला सलाम ठोकायला लागायचा, तो चुकवायला लोक या गल्लीतून वळायचे. आता तिथे फरशीत ब्राँझची नागमोडी वाट केलीय. मुलांना ती गोष्ट बरोब्बर समजते, कारण शाळेत न आवडणाऱ्या बाईंना चुकवायला तीही अशीच वळसा घालून जातात.

सह्याद्रीचा_वारा
मी अजून माझ्या मतावर आहे की सुट्टीचा पहिला आठवडा तरी डोंगरात घालवा. पण प्लॅटफॉर्म १७ बघणार, पुढच्या महिन्यात बर्लिनला काम आहे.

एक प्रश्न. आपले नेताजीही इथे होते. १९४२ मध्ये हिटलरला भेटले. त्याचं काय करायचं?

न्यूर्नबर्गचा_नाना
सांगायचं, लपवायचं कशाला. ब्रिटिशांना हाकलायला मदत हवी म्हणून आले, हिटलरकडून भारताच्या स्वातंत्र्याची जाहीर घोषणा हवी होती, ती त्याने दिली नाही. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय सैनिकांमधून फौज उभी केली, ड्रेस्डेनजवळ क्योनिग्सब्र्युकला तिचं शिक्षण झालं, नेताजी १९४३ मध्ये पाणबुडीने पूर्वेकडे निघून गेले आणि ते सैनिक मागे राहिले, पुढे एसएसच्या ताब्यात दिले गेले. नेताजींबद्दलचा आदर ठेवूनही म्हणता येतं की ज्याच्या दारात ते गेले तो खुनी होता.

श्प्रे_वरून
नागरिकत्वाला अर्ज करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या, २०२४ च्या नव्या कायद्यापासून नाझी राजवटीबद्दल जर्मनीची जी खास ऐतिहासिक जबाबदारी आहे ती मान्य असल्याचं लिहून द्यावं लागतं. परीक्षेतही त्या काळावरचे प्रश्न असतात. पाठ करून पास होता येतं. पण सही करण्याआधी एखादी तरी जागा बघून यावी असं मला मनापासून वाटतं.

इसारकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार, राईन_नेकर तुमचे विशेष. नवऱ्यालाही धागा वाचायला दिला, तो ग्राफेनेकशी येऊन थांबला आणि मग म्हणाला मीही येतो.

ठरलंय ते असं. लेकीला विद्यापीठासमोरची पत्रकं आणि ती गल्ली. डाखाऊला मी, नवरा आणि बाबा, आई नातीबरोबर घरी, तिची तशी इच्छाच आहे. कोर्टरूमला बाबांना नक्की. आणि डोंगरावरचं घर, त्याचं काय करू? त्यांचा फार जीव आहे त्यात.

पुणेरी_बव्हेरियन
न्या की. केलश्टाइनहाउस म्हणजे १,८३४ मीटरवरचं रेस्टॉरंट आहे आता, पितळेची लिफ्ट, नजारा अफाट, हिटलर स्वतः तिथे फारसा जायचाही नाही. त्याचं खरं राहतं घर खाली ओबरझाल्झबेर्गला होतं, ते बॉम्बने पडलं आणि उरलेलं १९५२ मध्ये उडवून टाकलं. मात्र वर जाण्याआधी खालचं डॉकुमेंटेशन सेंटर करा, दोन तास काढून, २०२३ पासून नवीन प्रदर्शन आहे. त्या नजाऱ्यासमोर बसून कुठल्या कुठल्या हत्याकांडांचे निर्णय झाले ते तिथे गावांच्या नावांसकट मांडलंय. आधी ते, मग बस आणि लिफ्ट. उलट क्रमाने केलंत तर फक्त डोंगर लक्षात राहतो. वरची बस साधारण मेच्या मध्यापासून सुरू होते, बर्फावर अवलंबून, म्हणून तारीख शेवटच्या आठवड्यातली धरा.

न्यूर्नबर्गचा_नाना
न्यूर्नबर्गला येताना बायर्न तिकीट काढा, चौघांना मिळून एकच पुरतं, फक्त कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर आणि रिजनल गाड्यांनाच चालतं. कोर्टरूम मंगळवारी बंद असते. त्सेपेलिनफेल्डला मी येतो बरोबर, बाबांशी बोलायला आवडेल. जेवायला घरी या, आमच्याकडे सांगलीची भडंग संपलीय तेवढी आणा.